थरथरता माऊस
कूलरच्या ओल्या खसाचा वास आला की मला बेसा रोडवरचा तो दातांचा दवाखाना आठवतो आणि डोकं तापतं. मी लिहिलेल्या अपॉइंटमेंटच्या प्रोग्राममध्ये पेशंटच्या नावावर क्लिक केलं की ते सरकून भलत्याच वेळेवर जायचं. "मी फक्त क्लिक करून राहिली, सर!" रिसेप्शनिस्ट वैतागली. सुजल्या गालाचे एक काका ओरडले, "माहा नंबर काहून मांगं गेला?" दुपारभर कोड तपासून काही सापडेना. शेवटी कंटाळून टेबलावर डोकं टेकलं, तर टेबलच थरथरत होतं. ते कूलरला चिकटलं होतं. क्लिक करताना माऊस हलायचा आणि प्रोग्रामला वाटायचं, नाव ओढलं. "कूलर बंद करा," मी म्हणालो. काकांनी गालावरचा हात काढला. "आधी तुहा कॉम्प्युटर बंद कर गा!" आजही माझ्या प्रोग्राममध्ये माऊस जरासा हलला तरी क्लिकच धरला जातो. एसीत बसलेली पुण्याची टीम कारण विचारते. मी म्हणतो, मे महिन्यात इकडे या, मग विचारा.