चुकीचा समुद्र

शनिवारी सकाळी आम्ही कालगुर्लीहून निघालो, तेव्हा शेजारची अनघा तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा घेऊन गेटपाशी उभी होती. अनघा इथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. नाइट शिफ्ट करून आलेली, डोळे उघडत नव्हते बिचारीचे. तरी डबा खिडकीतून आत सरकवत म्हणाली, "लेकराचे डोहाळे आहेत हे लीना, पुरवायलाच हवेत. जा." माझ्या नवऱ्याने, म्हणजे विनयने, यावर फक्त सीटबेल्ट लावला. असले विषय निघाले की तो सीटबेल्ट लावतो, नाहीतर टायरमधली हवा बघतो.

डोहाळे कोणाचे ते आधी सांगते. रेशमा आमची होणारी लेक. पाच वर्षांची आहे आणि सोलापूरकडच्या एका संस्थेत राहते. तिला दत्तक घ्यायचं सगळं ठरलं, दोन्हीकडची सरकारं एकदाची हो म्हणाली, आणि कोविड आला. ऑस्ट्रेलियाने दारं लावून घेतली. बाहेर जायला परवानगी लागे, आणि गेलात तर परत कधी येता येईल ते कोणी सांगत नव्हतं. आम्ही दर रविवारी तिच्याशी व्हिडिओवर बोलायचो. "लवकर येतो हं," असं मी तिला दिवाळीत म्हटलं, नाताळात म्हटलं, मग शाळा सुरू होताना पुन्हा म्हटलं. मधल्या काळात तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीला पुण्याचे आईबाप येऊन घेऊनही गेले. त्या दिवसापासून रेशमा फोनवर यायची बंद झाली.

संस्थेत मुलांचं सगळं बघणाऱ्या शांतामावशी आहेत, त्यांनीच मग सांगितलं. "ताई, ती म्हणती, फोनमधली मान्सं खरी नसत्यात. मी लई समजावलं. म्हटलं, मधी मोठा समुद्र हाय, विमानं बंद हायत, कसं यायचं त्यांनी? तर म्हणती, मग दाखवा म्हणावं तो समुद्र."

आता आली का पंचाईत. कालगुर्ली हे सोन्याच्या खाणीचं गाव, विनय तिथे इंजिनिअर. पाहुण्यांना दाखवायला आमच्याकडे एक अवाढव्य खड्डा आहे. लाल माती आहे, ती तर पाहुण्यांच्या बॅगेतून थेट मुंबईपर्यंत जाते. समुद्र मात्र चारशे किलोमीटरवर, एस्परन्सला. मी वसईची, समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेली. मला तेवढं निमित्त पुरे होतं. पण विनयने नकाशा उघडला.

"हा समुद्र चुकीचा आहे," तो म्हणाला. "हा दक्षिण महासागर. याच्या पलीकडे अंटार्क्टिका. आपल्या आणि तिच्यामधला समुद्र पर्थच्या बाजूला आहे."

पर्थला त्या आठवड्यात लॉकडाऊन लागला होता. "पाच वर्षांची पोर आहे," मी म्हटलं. "ती काय होकायंत्र घेऊन बसणार आहे? समुद्र तो समुद्र."

"तीनदा खोटं बोललो आपण तिच्याशी. चौथ्यांदा नाही बोलायचं."

"मी खोटं नव्हते बोलले. मला तेव्हा तसंच वाटत होतं."

"तिच्यासाठी ते खोटंच निघालं न."

नागपूरचा माणूस शेवटी 'न' लावून बोलला की त्याच्यापुरता वाद मिटला समजायचं. माझ्यापुरता तो वाटेतल्या नॉर्समन गावापर्यंत चालू राहिला, कारण त्याचं बरोबर होतं आणि मला ते अजिबात आवडलेलं नव्हतं.

रस्ता सरळ, इतका सरळ की स्टिअरिंगला काही काम नाही. दोन्ही बाजूंना सॅमन गमची झाडं (तांबूस, तेल लावल्यासारख्या तुळतुळीत खोडांची निलगिरी), मग मिठाची पांढरी तळी, मग परत झाडं. मधूनच समोरून रोड ट्रेन येते (तीन-चार ट्रेलर जोडलेला ट्रक) आणि आपली गाडी थरथरते. बोलण्यासारखं काही उरलं नाही की आम्ही रेशमावर बोलतो. गेलं दीड वर्ष हेच चाललंय. तिच्या खोलीचा रंग, तिच्या शाळेचा रस्ता. तिकडच्या मुलांना शेंगाचटणी आणि कडक भाकरी आवडते म्हणे, म्हणून सिडनीच्या वेंटवर्थव्हिलमधल्या मैत्रिणीने पोस्टाने ज्वारीचं पीठ पाठवलं आणि मी भाकऱ्या थापायला शिकले. पहिल्या खेपेच्या भाकऱ्या विनयने निमूटपणे खाल्ल्या, पुढे दोन दिवस त्याची दाढ दुखत होती. फ्रॉक घ्यायचे, ते लहान झाले असतील म्हणून कोणाला तरी देऊन टाकायचे, मोठ्या मापाचे आणायचे. दुकानातली बाई एकदा म्हणाली, "मुलगी भराभर वाढतेय वाटतं." मी हो म्हटलं. वाढतच होती की, फक्त आमच्या घरात नाही.

नॉर्समनला पेट्रोल भरायला थांबलो. रोडहाऊसमध्ये (पेट्रोल, खाणं आणि संडास, सगळं एका छपराखाली) मीट-पाय (खिमा भरलेले पॅटिस) संपलेले होते आणि सॉसेज रोल सकाळपासून दिव्याखाली तापून वाळलेले. तेव्हा बाहेर बाकावर बसून अनघाच्या पुऱ्या काढल्या. शेजारच्या बाकावर एक पिकल्या केसांची बाई एकटीच कॉफी पीत होती, मागे तिची कॅरव्हॅन (गाडीला जोडलेलं चाकांवरचं घर). मी पुरी पुढे केली. तिने ती बिस्किटासारखी चहूबाजूंनी निरखली आणि खाल्ली.

तिचं नाव शेरिल. मुलगी मेलबर्नला, तिला बाळ झालेलं, पण राज्यांच्या सीमाच बंद. "नातू आता बसायला लागलाय," ती म्हणाली. "मला मात्र तो एवढाच माहितीय." आणि तिने फोनच्या पडद्याएवढा चौकोन हाताने दाखवला. तुम्ही कुठे निघालात, असं तिने विचारलं, तेव्हा विनयनेच सगळं सांगून टाकलं, चुकीच्या समुद्रासकट. घरच्या माणसांनाही तो इतकं सांगत नाही. शेरिल हसली नाही. "मीही एस्परन्सलाच चाललेय," एवढंच म्हणाली.

संध्याकाळ व्हायच्या आत एस्परन्सला पोचलो. गावाबाहेर एक 'गुलाबी तळं' आहे. पाट्या गुलाबी, पोस्टकार्डं गुलाबी, आणि तळं मात्र आपलं पांढरंफटक. मोटेलच्या मालकाला विचारलं तर म्हणाला, "कैक वर्षं झाली लव्ह, रंग गेला. नाव कोण बदलणार?" (अनोळखी बाईलाही 'लव्ह' म्हणायची इथे पद्धत आहे.) मोटेलच्या खोलीत आम्ही सुकेळी (वसईची वाळवलेली केळी, माहेरून आलेल्या शेवटच्या पार्सलातली) आणि चहा यांवर जेवण उरकलं. दुसऱ्या दिवशी भारतातले सकाळचे अकरा, म्हणजे आमची दुपारची दीड, ही शांतामावशींनी दिलेली वेळ होती. त्या म्हणाल्या होत्या, "मी फोन लावून ठेवते, पर ती येईल का न्हाई, सांगता येत न्हाई." मला नीट झोप लागली नाही.

रविवारी सकाळी अतिशहाणपणा माझाच. समुद्र दाखवायचाच तर चांगला दाखवू, म्हणून तासाभराच्या अंतरावर नॅशनल पार्कात एक प्रसिद्ध किनारा आहे तिथे गेलो. काय सांगू, वाळू पिठीसाखरेसारखी, पायाखाली चक्क कुरकुरते, आणि त्या वाळूवर दोन कांगारू पेन्शनरांसारखे ऊन खात पडलेले. मी मनात म्हटलं, हे बघून पोर धावत येईल फोनकडे. फोन काढला, तर नेटवर्कची एक काडी नाही. खडकावर चढले, हात उंच केला, गाडीच्या टपावरसुद्धा चढणार होते. विनय घड्याळाकडे बघत म्हणाला, "लीना, बस गाडीत."

परतीच्या वाटेवर मी त्याला ओरडले, मग स्वतःला ओरडले, मग रडू आलं. हा फोन चुकला असता तर ते चौथं खोटं ठरलं असतं, आणि पाचवं ऐकायला ती पोर थांबली नसती. विनय गाडी हाकत होता. गावातल्या साध्या किनाऱ्यावर, मुलांच्या झोपाळ्यांसमोर, आम्ही दीडला कसेबसे टेकलो. वारा असा की उभं राहवेना. झाडांच्या आडोशाला शेरिलची कॅरव्हॅन उभी होती, आणि ती आमच्याकडे बघून हात हलवत होती.

फोन लागला. पडद्यावर शांतामावशी, आणि त्यांच्या मागे दाराच्या उंबऱ्यावर, आमच्याकडे पाठ करून, दोन वेण्या.

"रेशमा, हे बघ, समुद्र," मी म्हटलं आणि फोन पाण्याकडे फिरवला. मग पडद्यात एक डोळा आणि अर्धी वेणी आली.

"ह्योच का मधला?"

मी हो म्हणणार होते. खरंच सांगते, तोंडात आलं होतं. पण विनय आधी बोलला. "नाही. हा दुसरा आहे. मधला तिकडच्या बाजूला आहे, तिथं आत्ता जाता येत नाही. तो याच्याहून मोठा आहे." मी त्याला कोपर मारलं. संपलं, म्हटलं, आता जाईल ती उठून.

ती गेली नाही. विचार करत होती. "ह्याच्याहून मोठा," तिने स्वतःशीच म्हटलं. मग विचारलं, "चालत येता येत न्हाई?"

"नाही ग, खोल असतं."

"चालून दाखवा."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. फोन कोणीतरी धरायला हवा होता, म्हणून मी शेरिलला हाक मारली आणि दोन वाक्यांत समजावलं. ती "नो वरीज" म्हणाली आणि फोन दोन्ही हातांनी, एखादं बाळ धरावं तसा, छातीशी धरून उभी राहिली.

आम्ही बूट काढले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात शिरलो. पाणी असं गार की घोट्याला लागताच मी आमच्या वसईच्या भाषेत एक शब्द बोलले, तो इथे लिहिता येणार नाही. विनयला पोहता येत नाही. नागपूरला समुद्र नाही आणि तलावात याने कधी पाय घातला नाही. त्याने माझं मनगट असं धरलं की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होते. गुडघे झाले, कंबर झाली. "अजून?" तो म्हणाला. "अजून," मी म्हटलं, आणि तो आला. तेवढ्यात एक लाट तोंडावर बसली. मी पाण्यातून बाहेर डोकं काढलं तर विनय उभा होता, पण त्याचा चष्मा नव्हता.

किनाऱ्यावर शेरिल हात हलवत होती. वाऱ्यात एवढंच ऐकू आलं, "ती काय म्हणतेय ते मला कळत नाही, पण मी तुमच्या जागी असते तर ऐकलं असतं."

आम्ही ठेचकाळत, एकमेकांना ओढत बाहेर आलो. फोनमधून आवाज येत होता, सगळा वारा कापत. रेशमाचं अख्खं तोंड पडद्यात होतं, नाक, डोळे, गाल, सगळं ओलं. "माघारी या," ती ओरडत होती. "पुढं जाऊ नका, बुडशाल. माघारी या ना."

"आलो, आलो ग," मी म्हटलं. "बघ, आलो."

तिने आम्हाला नीट बघून घेतलं, आधी मला, मग विनयला. फ्रॉकला नाक पुसलं. "लई मोठा हाय," म्हणाली आणि फोन शांतामावशींच्या हातात देऊन निघून गेली. आम्ही दोघं वाळूत बसून रडलो, कुडकुडत. शेरिलने कॅरव्हॅनमधून दोन टॉवेल आणून आमच्या खांद्यांवर टाकले आणि स्वतः तोंड फिरवून समुद्राकडे बघत उभी राहिली.

परतीचे चारशे किलोमीटर मी एकटीने गाडी चालवली, कारण विनयला पुढचा ट्रकसुद्धा डाग म्हणून दिसत होता. "ते कांगारू आहे का?" "पाटी आहे." "आणि ते?" "ते कांगारू आहे, गप्प बस बाप्पा." त्याचाच नागपुरी 'बाप्पा' त्यालाच परत केल्यावर तो खूप दिवसांनी मोकळा हसला. नॉर्समननंतर माती लाल व्हायला लागली. मी इतके दिवस समजत होते की आम्ही तिची वाट बघतोय. ती पण बघत होती, आणि तिच्याजवळ ना नकाशा, ना बातम्या, ना मन रमवायला शिजवायची भाकरी. मोठ्यांनी 'लवकर' म्हटलं की तिला ते तसंच घ्यावं लागत होतं. विमानं कधी सुरू होणार ते आम्हाला अजूनही माहीत नव्हतं. ते तिला तसंच सांगायचं, असं आम्ही गाडीतच ठरवलं.

पुढच्या रविवारी दीड वाजता आम्ही टेबलाशी बसलो. आम्ही लावायच्या आतच फोन वाजला. शांतामावशी नव्हत्या. पडद्यावर कपाळ आणि दोन वेण्या होत्या.

"कापडं वाळली का?"

"वाळली," मी म्हटलं.

ती विनयकडे बघत होती. "तुमचा चष्मा?"

"तो गेला समुद्रात," विनय म्हणाला. "घरात जुना आहे, पण त्यातून नीट दिसत नाही मला."

"मग दुसरा घ्या की," रेशमा म्हणाली. "हितं आल्यावर मला वळखायला नको का?"

विनयने सोमवारी अर्धा दिवस रजा टाकली आणि चष्मा करायला दिला.