हात धरू नको

रस्ता ओलांडताना कुणी हात धरला की तो खांदा झटकायचा. "हात धरू नको. बाजूनं बोलत चाल, मी आवाजामागं येतो." तुमच्याही गल्लीत असा एखादा आंधळा असेल, तर त्याला विचारा. ओढत नेलेलं कुणालाच आवडत नाही.

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, पावर हाउसच्या बाजारात माझा चहाचा ठेला होता. शेजारी तो खुर्च्या वेतानं विणायचा. लहानपणीच देवीत त्याचे डोळे गेले होते. आम्ही दोघं जवळच्या कोहका वस्तीतल्या एकाच गल्लीतले. माणूस खडूस. चहा पातळ झाला की कप परत यायचा. "बाई, हे गरम पाणी कोणाले पाजून राहिली?"

संध्याकाळी भाचा न्यायला यायचा. मामा एका पार्टीचा, भाचा दुसरीचा. ठेल्यावर रोज जुंपायची. भाचा म्हणायचा, "मामा, तुम्हाले दिसत नाही, म्हणून तुम्ही त्यायले मत देता."

"तुले दिसते ना? तरी तू त्या चोरायच्याच मागं."

मग दोघं हसत घरी जायचे.

एका निवडणुकीत आमच्या शाळेतल्या बूथवर परदेशी पाहुणे आले. आपापल्या देशात निवडणुका घेणारी माणसं. आपल्याकडचं बघायचं, त्यांच्याकडचं सांगायचं, असं काही ठरलेलं होतं म्हणे. दारात रांगोळी, मडक्यात थंड पाणी. त्या दिवशी त्याला ठिपक्यांचा कागद मिळाला. बोटांनी वाचून उमेदवाराचा नंबर शोधायचा आणि मशीनवर बटणाशेजारी तेच ठिपके चाचपून दाबायचं. इतकी वर्षं सोबतचा माणूस दाबायचा. त्या दिवशी हा एकटा आत गेला. वेळ लागला, पण रांगेत कुणी कुरकुरलं नाही. पाहुणे होते ना. बीप वाजला. बाहेर आला तो मान इतकी वर करून, की खांबावर आदळला असता.

त्यांच्यातल्या एका बाईनं दुभाष्यामार्फत तो कागद मागितला. त्यांच्याकडे आंधळ्याचं मत दुसराच टाकतो, म्हणाली. बूथवरच्या साहेबांनी नमुन्याचा एक दिला. ठिपके कसे वाचायचे ते हा तिला तिचं बोट धरून शिकवायला लागला. मग एकदम बोट सोडून म्हणाला, "आता तुमचं तुम्ही करा."

त्यानंतर चहाबरोबर तीच गोष्ट. "बाई, तिकडचे आंधळे आता स्वतः मत टाकत असतील."

"हो, अन् तिथल्या एखाद्या चौकाले तुमचं नाव देलं असंल," मी म्हणायची.

पुढच्या निवडणुकीला पाहुणे नव्हते. रांगोळी नव्हती. कागद कुठे आहे, कुणाला ठाऊक नव्हतं. हा म्हणाला, मला फक्त नंबर सांगा, ठिपके मशीनवर आहेत, मी दाबतो. या वेळचा साहेब वाईट नव्हता, उन्हानं आणि रांगेनं कावला होता. म्हणाला, "बाबा, साथवाला दबा देगा, नियम में है. लाइन कितनी लंबी है." मागून लोक ओरडत होते, त्यात माझी सूनही. मी पुढे होऊन म्हटलं, मागल्या वेळी कागद होता. साहेब म्हणाला, "माताजी, आप पीछे रहिए." मी मागे झाले. दुसरं काय करणार होते?

भाच्यानं हात धरून आत नेलं. बीप लगेच वाजला.

बाहेर आल्यावर यानं विचारलं, "कोणतं दाबलं?"

"तुम्ही सांगतलं तेच, मामा."

"बीप तर सगळ्याच बटनायचा सारखा."

भाचा शपथ घ्यायला तयार होता. मला वाटतं, पोरगा खरं बोलत होता. पण माझ्या वाटण्याचं काय? मत कुणाला गेलं ते दाखवणारी मशीनमधली चिठ्ठी डोळे असणाऱ्यालाच दिसते. ठेल्यावरचं भांडण तेव्हापासून बंद झालं. भाचा मुद्दाम चिडवून बघायचा. हा खाली मान घालून वेत ओढत राहायचा.

मागच्या थंडीत तो गेला. त्याआधी एकदा मी त्याला दवाखान्यात नेत होते. रस्ता आला, तशी मी सवयीनं बाजूला होऊन बोलायला लागले. त्यानं हात पुढे केला. "धर, बाई."

मी धरला. मधेच त्यानं विचारलं, "तो कागद तिकडं पोचला असंल ना?"

मी चौथी शिकलेली. मला काय ठाऊक? म्हटलं, "पोचला असंल."

पलीकडे गेल्यावरही त्यानं हात सोडवून घेतला नाही.