पुढच्या पानावरचा अंतरा

विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या सयाजीगंजातल्या तळमजल्यात कमरेइतकं चढलं, तेव्हा फ्रिज गेला, गाद्या गेल्या आणि माझ्या नोटेशनच्या सगळ्या वह्या गेल्या. फ्रिजचं बायकोला वाईट वाटलं, वह्यांचं मला. शाईने लिहिलेली पानं होती, त्यांचा निळा लगदा झाला. दिलरुबा, माझं गजाने वाजवायचं तंतुवाद्य, भिंतीवर उंच टांगलेला होता म्हणून वाचला. चिखल उपसताना माझ्या मनात पहिला विचार कोणता आला, तर त्याचं घर फतेगंजात तिसऱ्या मजल्यावर आहे. पूरसुद्धा त्याच्या वाटेला जात नाही!

तो म्हणजे माझा गुरुबंधू. एकाच मास्तरांकडे, एकाच वर्षी आम्ही दिलरुबा शिकायला लागलो. त्याचे आजोबा संस्थानच्या कचेरीत अंमलदार, माझे पागेत. मास्तरांनी हा फरक कधी केला नाही, मीच तो आयुष्यभर केला. त्याचा गज तारेवर टेकला की रस्त्यावरचा माणूस सायकल थांबवून ऐकायचा. माझा गज टेकला की मास्तर म्हणायचे, "गजाला राळ लाव थोडी."

दिवाळीनंतर मास्तरांच्या मुलीचा फोन आला. मास्तरांच्या जन्माला शंभर वर्षं होत होती आणि जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याच रचना वाजवाव्यात, असा तिचा बेत होता.

"दादा, बाबांची ती साडेनऊ मात्रांची गत कुणाकडे पूर्ण आहे का? ज्याच्याकडे असेल त्यानेच ती शेवटी वाजवावी, असं माझ्या मनात आहे."

"माझ्याकडे आहे," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

माझ्याकडे स्थायी होती, तीही बोटांत. अंतरा आठवत नव्हता. गाण्याची चीज असती तर शब्दांना धरून चाल आठवली असती. गतीला शब्द नाहीत, नुसते स्वर, त्यात ती अर्धी मात्रा. मधली वीस वर्षं बदल्यांच्या नोकरीत दिलरुबा भिंतीवरच होता. पण शेवटी वाजवायचा मान मला हवा होता. सहासष्टाव्या वर्षी एकदा तरी लोकांनी त्याला सोडून मला ऐकावं, एवढंच मला हवं होतं. हे मी बायकोलाही सांगितलं नाही, तिला न सांगताच कळलं.

मग मी शोधाला लागलो. मांडवीजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात धुळीने शिंका येईपर्यंत चाळत बसलो. संगीत कॉलेजच्या ग्रंथालयात तिथल्या मुलीने कपाटं उघडून दाखवली आणि म्हणाली, "काका, एवुं तो कंई नथी." तिथेही नाही. छापील पुस्तकांत असणार तरी कसं? मास्तर स्वतःसुद्धा वही ठेवत नसत. पाटीवर खडूने लिहायचे, आम्ही उतरवून घ्यायचो, की लगेच ओल्या फडक्याने पाटी साफ. "वस्तू एकदाच मिळेल," हा त्यांचा नियम. पुन्हा मागणाऱ्याला ते पाटी दाखवायचे, कोरी. त्यांच्या मुलीच्या अलकापुरीतल्या फ्लॅटमध्येही म्हणूनच काही नव्हतं. ती गत त्यांनी आम्हा दोघांनाच दिली होती. आता ती असलीच तर त्याच्याकडे.

आणि इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे.

मास्तरांनी ती गत पाटीवर लिहिली त्या दिवशी तो क्लासला नव्हता. त्याला कावीळ झाली होती. ती फक्त आम्हा दोघांसाठी होती, म्हणून मी एकटाच उतरवून घेत होतो, तेवढ्यात मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "ही खरं तर त्याच्या हाताला शोभेल. त्याला नीट लिहून दे रे." पाटी माझ्यासमोर, वही माझी, आणि गत त्याच्या हाताला शोभणार. घरी जाऊन मी सुबक अक्षरात त्याच्यासाठी स्थायी लिहिली. पानाच्या तळाशी लिहिलं, 'अंतरा पुढच्या पानावर.' पुढचं पान लिहिलं नाही. पान त्याच्या घरी पोचवलं आणि सायकलवरून परत येताना शीळ वाजवली, हेही आठवतं.

तो बरा झाल्यावर मला काहीच म्हणाला नाही. मी समजलो, लाडक्या शिष्यासाठी मास्तरांनी नियम मोडला आणि पाटीवर पुन्हा लिहून दिलं. मग त्यावरूनही चाळीस वर्षं जळलो.

शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, जाऊन विचारा ना त्यांना. नुसतं कुढून अंतरा येणार आहे का?"

गेलो. तिसरा मजला, लिफ्ट चालू. त्याने दार उघडलं.

"आव आव! किती दिवसांनी! शांतीने बैस ने."

घर लख्ख. दिलरुब्यावर मऊ गवसणी, राळेची डबी जागेवर, फायलींवर रागांची नावं. माझ्या नशिबी लगदा आणि याच्याकडे फायली! मी गतीचं नाव काढताच त्याचा चेहरा उतरला. त्याने एक फाइल आणली, त्यातून प्लास्टिकमध्ये जपलेलं एकच पान काढलं. ओळखायला वेळ लागला नाही. अक्षर माझं होतं.

"बघ, तू दिलेलं," तो म्हणाला. "हे जपलं रे. पण दुसरं पान मी हरवलं."



"मास्तरांना विचारलं नाहीस?" मी म्हटलं.

"कुठल्या तोंडाने? तू एवढं सुबक लिहून दिलंस आणि मी हरवलं, हे सांगू? त्यांना कळू नये म्हणून ती गत मी त्यांच्यासमोर कधी काढलीच नाही." तो पानावरून हात फिरवत राहिला. "त्या आजारपणात आईने घर आवरलं होतं. पस्तीवाल्याला रद्दी दिली होती. तिनेच घालवलं म्हणून मी तिच्याशी दोन महिने बोललो नाही. तापट होतो ने. ती पस्तीवाल्याच्या गोदामात जाऊन स्वतः ढीग उपसून आली. जाईपर्यंत अधूनमधून म्हणायची, तुझं ते पान माझ्या हातून गेलं रे."

त्याची आई मला क्लासनंतर थालीपीठ वाढायची. लोण्याचा गोळा मोठा माझ्या ताटात, कारण मी बारीक होतो.

"पान नव्हतंच," मी म्हणालो. "मी लिहिलंच नाही. मुद्दाम."

तो ओरडेल, निदान हाकलून देईल असं वाटलं, आणि मला ते हवंही होतं. त्याने पान पुन्हा फाइलमध्ये ठेवलं.

"तुझी वही?"

"पुरात गेली."

"म्हणजे कुठेच नाही."

"नाही."

उठून दार उघडत तो म्हणाला, "आज तू जा." एवढंच. चहा विचारला नाही.

घरी येऊन मास्तरांच्या मुलीला फोन केला आणि माझ्याकडे गत पूर्ण नाही, हे सांगितलं. का नाही, ते सांगायचा धीर झाला नाही.

कार्यक्रमाला मी मागच्या रांगेत बसलो. बायको शेजारी. शेवटचा मान मास्तरांच्या मुलीने त्यालाच दिला होता, स्थायीपुरता का होईना. तो मंचावर आला, दिलरुबा जुळवला आणि साडेनऊ मात्रांची स्थायी वाजवली. त्या अर्ध्या मात्रेवर तो असा यायचा की सगळं सभागृह एकदम मान हलवायचं. मास्तर खरंच बोलले होते, गत त्याच्याच हाताला शोभत होती. मग त्याने गज उचलला.

"याला अंतरा आहे," तो म्हणाला. "माझ्या गुरुबंधूने मला लिहून दिला होता. ते पान माझ्या हातून हरवलं. माफ करा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघाचौघांनी वळून माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. बायकोने माझा हात घट्ट धरला, तिला मी सगळं सांगितलं होतं.

उठून उभं राहावं, खरं सांगावं, असं वाटलं. पण मी उठलो नाही. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी शरमेच्याही आधी मनात आला तो हेवाच. हेही त्यालाच जमलं.