भिंतीवर अडकलेला दरोडेखोर

गेल्या वर्षी इथल्या, परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या पुस्तकांच्या कार्यक्रमात मी पहिल्यांदाच बोलायला उभी राहिले. दुसऱ्याच परिच्छेदात अडखळले, तेव्हा पहिल्या रांगेतले एक काका उठले आणि त्यांनी माझ्या हातातला कागद काढून घेतला. "दे बाळ, मी वाचतो. इंग्लिश मीडियमवाल्यांना फार छळू नये." लोक हसले. ते वाचत असताना मी शेवटपर्यंत त्यांच्या शेजारी उभी होते. बुइटनव्हेल्डर्ट उपनगरातल्या घरापर्यंत सायकलवर रडले. मग वर्षभर काहीही विसरले नाही.

यंदा मला घंटा दिली. फारसं न बोलणाऱ्या माणसाला आमच्या मंडळात हेच काम मिळतं. दहा मिनिटं झाली की वाजवायची. ज्येष्ठांसाठी मात्र कोणी वाजवत नाही. ते दमले की थांबतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

काकांनी निवडलं होतं एका कुप्रसिद्ध फ्रेंच दरोडेखोराचं चरित्र. बँका लुटणारा, वेश पालटणारा, तुरुंगातून पुन्हा पुन्हा पळणारा. काका सांगतात छान, हे मान्य करायला हवं. पहिली सहा मिनिटं त्यांच्या स्वतःच्या पॅरिस सहलीत गेली. मग आली तुरुंगात लपवलेली पिस्तुलं, शिडी, दोर. खुर्च्यांचाही आवाज येईना. दरोडेखोर भिंतीच्या माथ्यावर पोचला, काकांनी दोन्ही हात वर केले, आणि मी घंटा वाजवली.

"अगं, थांब जरा," ते हसत म्हणाले.

मी पुन्हा वाजवली. "काका, वेळ संपला."

"बाळ, तो अजून भिंतीवर आहे."

"दहा मिनिटं झाली, काका."

मागून एका बाईंनी विचारलं, "अहो, पण सुटला का तो?"

काकांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "सुटला. पुढे पोलिसांनी त्याला गाडीतच गोळ्या घालून मारलं."

पुस्तकांची यादी महिनाभर आधी आली होती. ते चरित्र मी मुद्दाम वाचून ठेवलं होतं.

काका खाली बसले. टाळ्या उशिरा आणि तुरळक पडल्या. मी पुढच्या वक्त्याला बोलावलं.

बाहेर मी सायकलचं कुलूप काढत होते, तेव्हा ते आले. "मुद्दाम केलंस ना?"

"हो, काका."

ते सायकलसमोरून हलले नाहीत. मी सॉरी म्हणेन, असं त्यांना वाटलं असावं. एरवी मी लगेच म्हणते.