सुभाषचं रात्रीचं जेवण

चार माणसं एका खोलीत राहिली की किस्से शोधायला लागत नाहीत, झाडू मारताना खाटेखालून निघतात! सिल्वासात धाग्याच्या फॅक्टरीत माझी उमर गेली, पण आमच्या खोलीतल्या धुळ्याच्या सुभाषइतकं मी कुणालाच छळलं नाही.

*

सेकंड शिफ्टवाल्या प्रकाशसाठी आम्ही भाकरी झाकून ठेवायचो. तो रात्री साडेबाराला यायचा, तर ताट रिकामं!

"मांजर असंल," सुभाष म्हणायचा.

मी म्हटलं, "मांजरानं कांदा सोलला, ठेचा चाटला, वर ताट धुऊन पालथं घातलं! भो, असं मांजर मलाबी बघ, लग्न करतो!"

सकाळी मात्र सुभाष कँटीनमध्ये नुसता चहा प्यायचा.

*

एका रात्री मी चिवड्यात मूठभर तिखट कालवलं आणि जागा राहिलो. सुभाष उठला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पण घास चालूच! हसायला उघडलेलं माझं तोंड तसंच राहिलं.

"आप्पा, भूक नाही हो," तो म्हणाला, "पण खाल्ल्याशिवाय झोपच लागत नाही. म्हणून तर वर्ष झालं, बायकोला इकडं आणत नाही. तिला कळलं तर थांबंल का ती?"

*

दुसऱ्या दिवशी त्यानंच खाण्याच्या कपाटाला कुलूप लावून किल्ली मला दिली. "पाया पडलो तरी देऊ नका!"

रात्री दीड वाजता खरंच पाया पडला. नाही दिली. सकाळी बघतो तर मिशी पिवळी! बाहेर राहिलेलं बेसन कोरडंच खाल्लं होतं गड्यानं.

*

मग मीच दवाखान्यात नेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा हावरटपणा नाही, आजार आहे. सकाळी भूक नसते, रात्री झोप मोडते. उपचार आहेत. पण घरच्यांपासून लपवू नका."

बाहेर आल्यावर सुभाष म्हणाला, "आप्पा, कसं सांगू?"

"सांग की बायकोला, भाकऱ्या जास्त थाप!"

तो हसला नाही. खरं सांगतो, मीपण नाही.

*

शेवटी त्यानं जवळच खेरडी गावात खोली घेतली, बायको आली. सांगायची हिंमत काही झाली नाही. पहिल्याच रात्री हा चोरपावलांनी उठला, अंधारात चाचपडत चुलीकडं गेला. लाइट लागली. बायको समोरच बसलेली!

"बसा," ती म्हणाली. "गावाला रात्री भाकरीच्या डब्याचं झाकण वाजून तुमच्या आई उठू नयेत म्हणून आतून फडकं लावायची मी. ते काय उंदरांसाठी?"