न चाखता रांधलेली एकोणीस जेवणं

माझी आत्या वजनकाटे दुरुस्त करते. दुकानदार आणि औषधवाले तिच्या पुढच्या खोलीत काटे आणून ठेवतात आणि तिला काटेवाली म्हणतात. वर्षअखेरच्या सुट्टीत सगळं कुटुंब तिच्याकडे जमतं. जेवण दरवर्षी तेच: मसुराचं सूप, भाजलेला भोपळा, सफरचंदाचा केक. घरात याला तिचा हट्ट म्हणतात.

घरातल्या जुन्या कागदपत्रांची सूची करताना तिची स्वयंपाकाची वही माझ्या हाती आली. तीत एकोणीस वर्षांच्या नोंदी होत्या. सूप चढवतानाचं वजन, उतरवतानाचं वजन, भोपळा बोटाखाली किती दबला. ते कसं लागलं, हे मात्र कुठेच नव्हतं. इतक्या काटेकोर बाईच्या हातून हे नजरचुकीने राहणार नाही, म्हणून मी विचारलं.

तिने हातातला चिमटा ठेवला. एकोणीस वर्षांपूर्वीच्या तापात तिला वास येणं बंद झालं, पाठोपाठ चवही गेली. या तीन पदार्थांची चव तेवढी आठवणीत होती, म्हणून ती तेच करत राहिली. नवऱ्यालाही तिने सांगितलं नव्हतं.

"सांगितलं असतं तर प्रत्येक घास तुम्ही तपासून खाल्ला असता. मला जेवणारी माणसं हवी होती, परीक्षक नकोत."

पडताळल्याशिवाय मी काही मान्य करत नाही. एका पेल्यात साखरेचं, दुसऱ्यात मिठाचं पाणी तिला दिलं. दोन्ही तिने सारख्याच शांतपणे संपवले आणि विचारलं, "पास झाले का गं?"

यंदा तिच्या लेकीने काहीतरी वेगळं मागितलं: संत्र्याच्या रसात भाजलेला मासा. आत्याने तो कधीच खाल्लेला नव्हता. आठवणीचा आधार नाही, आणि बिघडला तर इतकी वर्षं झाकलेलं उघडं पडणार. तरी ती हो म्हणाली. चाखून बघायला मी तयार होते. तेही तिने नाकारलं. मग तो माझा मासा झाला असता, म्हणे.

मी ओट्याशी उभी राहून पाहत होते. तिने मासा तोलला, त्या हिशेबाने मीठ तोललं, संत्र्याची साल किसून रसात घातली. रस उकळू लागला तशी ती पातेल्यावर वाकून ऐकू लागली. बुडबुड्यांचा आवाज जाड झाला तेव्हा आच कमी केली. ओव्हनमधून मासा काढून दोनदा त्याच्या पाठीवर बोट टेकवलं. दुसऱ्या खेपेला म्हणाली, झाला. कृतीत लिहिलेल्या वेळेला अजून चार मिनिटं होती. वाढताना मासा पाकळी पाकळी सुटला. माझ्या शंकेला जागाच उरली नाही.

लेकीने पहिला घास घेतला. "आई, मीठ किंचित कमी आहे का गं? तूच सांग."

आत्याला नुसतं हो म्हणून निभावता आलं असतं.

"मला नाही कळत, बाळा. एकोणीस वर्षं मला काहीच लागत नाही."

तिच्या नवऱ्याने चमचा खाली ठेवून विचारलं, "गेल्या वर्षीचं सूपही?"

"तेही."

लेकीने खुर्ची तिच्याजवळ ओढली. "घास घे. आधी आंबट लागतं. लिंबासारखं बोचरं नाही, मऊ."

आत्याने घास तोंडात घेतला आणि थांबली. "बरं. मग?"

"मग गोड, जरा मागून येतं. आता शेवटी कडसर."

आत्या सावकाश चावत होती, एकेक शब्द पोचेपर्यंत.

"साल जास्त किसली गेली माझ्याकडून," ती म्हणाली, आणि पुढचा घास उचलला.