म्हसोबाचा दहीभात

काकीचं शेत आमच्या वाडीला चिकटून. चुलते गेल्यापासून सातबाऱ्यावर तिचं एकटीचं नाव. ते खंडानं करायला माणूस शोधून दिला तो मीच, शहाण्यानं. "फुलं लावणार आहे, काकी. कागद कशाला? माणूस चांगलाय." झालं!

दोन महिन्यांत शेताभोवती दोन पुरुष उंच हिरवी जाळी उभी राहिली. फाटकावर राखणदार आला. शेजारच्या उर्से गावाच्या बाजूनं अनोळखी गाड्या यायला लागल्या. वाळत घातलेल्या कपड्यांना उग्र वास यायचा, लेकरांची डोकी दुखायची, बाया पोरींना एकटं शाळेत पाठवेनात. गांजाच आहे, असं पारावर सगळेच कुजबुजायचे. पोलिसांत जायला मात्र एकाचीही छाती होईना, आणि त्यात मीही आलोच. गांजा निघाला तर आधी धरणार कुणाला? जिच्या नावावर जमीन, तिला. सत्तरीची काकी माझ्यापायी तुरुंगात जाणार, या धास्तीनं मी ठाण्याचा रस्ताच टाळायचो.

काकीनं कुणाला विचारलंच नाही. आमच्याकडे भातकापणीआधी बांधावरच्या म्हसोबाला नारळ फोडून दहीभात ठेवतात, आणि हा म्हसोबा नेमका जाळीच्या आत. त्या सकाळी ती ताट घेऊन फाटकावर उभी राहिली. मागं मी.

"आत जायला बंदी हाय, मावशी," राखणदार म्हणाला.

"बंदी तुज्या मालकाची. आमचा म्हसोबा उपाशी ठेवतूस व्हय रं? हो बाजूला!"

राखणदारानं चपला काढल्या, ताटाला हात जोडले आणि फाटक उघडलं. देवाचं ताट कोण अडवणार?

आत पाऊल टाकलं आणि मी जागीच थिजलो. आई गं! माझ्या डोक्याहून उंच झाडं, ओळीनं, या बांधापासून त्या बांधापर्यंत. पंजासारखी पानं, आणि त्यांच्यातून गाळून आलेलं हिरवं ऊन. ज्या शेतात जन्मभर कमरेएवढं भात बघितलं, तिथं हे रान! भीती वाटायला हवी होती, वाटलीही. पण खरं सांगतो, आधी डोळेच दिपले.

काकीनं एक पान चुरगाळून वास घेतला. मग नारळ फोडला, दहीभात ठेवला, डोकं टेकलं. निघताना राखणदाराच्या हातावर खोबऱ्याचा तुकडासुद्धा ठेवला. रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "चल, वडगावला. ठाण्यात."

"काकी, तुलाच धरतील गं!"

"धरू दे. लेकरं ऱ्हात्यात तितं."

ठाण्यात साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "जमीन कुणाची?"

"माजी." तिनं कमरेच्या पिशवीतून सातबारा काढून टेबलावर ठेवला. म्हणजे बाई घरातूनच तयारीनं निघाली होती!

"तो माणूस कुणी आणला?"

"मीच आणला."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिनं. एवढ्या काळजाची बाई आपल्या घरात, आणि आपण आजवर तिला नुसता चहा टाकायला सांगत आलो! मी उठलो. "साहेब, काकी खोटं बोलतीय. माणूस मी आणला."

काकी अशी खवळली की साहेबही दचकले. "गप की मुडद्या! मला एकटीला नेलं तर भागत हुतं. आता म्हशीची धार कोण काढंल?"